सोळाव्या वर्षाचा मतदार : प्रश्न वयाचा आणि तयारीचा

(गोंदिया जिल्ह्यातील अधिकारी, शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



झाडीपट्टीत दिवाळी सरली की गावोगावी मंडई भरते. मंडईच्या रात्री नाटक असते. मंडप कोठे घालावयाचा, वर्गणी किती गोळा करावयाची, पाहुण्यांची निजण्याबसण्याची सोय कोणाकडे करावयाची, ही सारी धावपळ ज्यांच्या अंगावर पडते त्यांतील अनेकांनी वयाची अठरा वर्षे पूर्ण केलेली नसतात. गाव त्यांच्या हाती वर्गणीचे पैसे विश्वासाने देते आणि हिशेबही बहुधा चोख मिळतो. हीच मुले २६ जानेवारीच्या ग्रामसभेच्या वेळी दाराशी उभी राहून ऐकतात. आत बसलेल्यांना मत असते, त्यांना नसते.

या साध्या दृश्यातून एक मोठा प्रश्न उभा राहतो. मताधिकाराचे वय अठरावरून आणखी खाली आणावे काय? सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींना मतदार मानावे काय? जगातील काही देशांनी या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे दिले आहे. आपल्याकडे तो अद्याप कायदेमंडळांच्या विचारात ठळकपणे आलेला नाही. तथापि ज्या जिल्ह्यातील तरुण अठराव्या वर्षाच्या आसपासच गाव सोडून जातात, तेथे हा प्रश्न केवळ तात्त्विक राहत नाही.

एकवीस ते अठरा

मताधिकाराचा विस्तार हा आपल्या लोकशाहीचा इतिहासच होय. १९३५ च्या भारत सरकार कायद्यानुसार मत देण्याचा अधिकार मालमत्ता, कर आणि शिक्षण यांच्या अटींवर अवलंबून होता. ज्याच्यापाशी जमीन नाही आणि अक्षरओळखही नाही, त्याला मत नव्हते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सायमन कमिशनच्या काळातच, म्हणजे १९२८-२९ मध्ये, प्रौढ मताधिकाराची मागणी केली होती. निरक्षर मनुष्य म्हणजे बुद्धिहीन मनुष्य असे समजणे ही चूक आहे, आणि केवळ अक्षरे आली म्हणून शहाणपण येते असे समजणे ही दुसरी चूक आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने कलम ३२६ अन्वये ही भूमिका स्वीकारली. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सुमारे १७ कोटी मतदारांची नावे याद्यांत आली. त्यांतील बहुसंख्य निरक्षर होते. लोकशाही त्यामुळे कोसळेल असे भाकीत करणारे खोटे ठरले.

परंतु त्या वेळी वयाची अट एकवीस वर्षांची होती. १९५४ मध्ये बाबासाहेब भंडारा मतदारसंघातून लोकसभेच्या पोटनिवडणुकीस उभे राहिले. आजचा गोंदिया जिल्हा तेव्हा भंडारा जिल्ह्यात होता आणि भंडारा जिल्हा जुन्या मध्य प्रदेशात. त्या निवडणुकीत बाबासाहेबांना यश आले नाही. येथे ध्यानात घ्यावयाची गोष्ट वेगळी आहे. ज्यांनी प्रौढ मताधिकार घटनेत आणला ते स्वतः या भागात मते मागावयास आले, तेव्हा वीस वर्षांच्या तरुणाला त्यांच्या बाजूने किंवा विरुद्ध मत देता येत नव्हते. तो शेती करीत होता, मजुरी करीत होता, कदाचित दोन लेकरांचा बापही होता. कायद्याच्या दृष्टीने मात्र तो मतदार म्हणून अपुरा होता.

ही स्थिती बदलण्यास आणखी पस्तीस वर्षे लागली. एकसष्टावी घटनादुरुस्ती डिसेंबर १९८८ मध्ये संसदेच्या दोन्ही सभागृहांनी संमत केली, २८ मार्च १९८९ रोजी तिला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि मताधिकाराचे वय अठरा झाले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये झालेल्या लोकसभा निवडणुकीत मतदारांची संख्या सुमारे ४९ कोटी ८९ लाखांवर गेली. त्या विधेयकाच्या उद्देशपत्रात दिलेली कारणे आजही वाचण्याजोगी आहेत. अनेक देशांत हे वय अठरा आहे, आजचा तरुण साक्षर व राजकीय दृष्ट्या जागृत आहे, आणि आपल्या देशातील काही राज्यांनी स्थानिक संस्थांच्या निवडणुकांसाठी अठरा वर्षांची मर्यादा आधीच स्वीकारली आहे, असे त्यात म्हटले होते.

यातील शेवटचे कारण ग्रामपंचायत सदस्यांनी विशेष लक्षात ठेवावे असे आहे. वय उतरविण्याचा प्रयोग आधी गावात आणि नगरात झाला. संसदेने त्याचा स्वीकार नंतर केला.

जगाचा अनुभव

एकवीसवरून अठरा हा बदल जगात साधारण त्याच पिढीत घडला. ब्रिटनने १९६९ मध्ये आणि अमेरिकेने १९७१ मध्ये तो केला. जपानने मात्र वीसवरून अठरा हा पल्ला २०१५ च्या कायद्याने गाठला. अठराच्या खाली जाणाऱ्या देशांत ब्राझील अग्रभागी आहे. तेथे १९८८ च्या राज्यघटनेने सोळा व सतरा वर्षांच्या नागरिकांना ऐच्छिक मताधिकार दिला. ऑस्ट्रियाने २००७ मध्ये राष्ट्रीय निवडणुकांसाठी सोळा वर्षांची मर्यादा ठरविली. अर्जेंटिनाने २०१२ मध्ये व माल्टाने २०१८ मध्ये तोच मार्ग धरला. स्कॉटलंडमध्ये स्वातंत्र्याच्या प्रश्नावर सप्टेंबर २०१४ मध्ये जे सार्वमत झाले, त्यात सोळा-सतरा वर्षांच्या मुलांनी मतदान केले, आणि पुढे तेथील संसदेच्या निवडणुकांतही त्यांना हा अधिकार मिळाला.

ऑस्ट्रियाच्या अनुभवातून निघालेला एक निष्कर्ष मोलाचा आहे. सोळा-सतरा वर्षांचे नवमतदार अठरा ते वीस वर्षांच्या नवमतदारांपेक्षा अधिक प्रमाणात मतदानास येतात, असे तेथील अभ्यासकांना आढळले. कारण शोधावयास दूर जावे लागत नाही. सोळाव्या वर्षी मुलगा घरी असतो, शाळेत असतो, मतदान केंद्र त्याच्या ओळखीच्या रस्त्यावर असते. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी तो घर सोडतो, दुसऱ्या गावी खोली घेतो, आणि जुन्या गावाच्या यादीत त्याचे नाव असले काय किंवा नसले काय, तो तेथे नसतो.

अठरावे वर्ष आणि गोंदिया

ही गोष्ट युरोपपुरती नाही. १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आलेल्या या आठ तालुक्यांच्या जिल्ह्यात ती अधिकच खरी आहे. एका बाजूस मध्य प्रदेश, दुसऱ्या बाजूस छत्तीसगड आणि मध्यातून जाणारा नागपूर-हावडा लोहमार्ग, अशी येथील रचना आहे. धानाचे एक पीक हाती आले की पुष्कळ शिवारांत काम संपते. मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल व मे महिन्यात तेंदूपत्ता यांवर काही आठवडे निभावतात. बारावी झालेला किंवा न झालेला मुलगा मग गोंदियाच्या स्थानकावर गाडीत बसतो. कोणी नागपूरला जातो, कोणी रायपूरला, कोणी हैदराबादला. त्याचे अठरावे वर्ष गावाबाहेर पूर्ण होते.

मुलीची कथा निराळी असली तरी शेवट तोच आहे. अठरा वर्षे हे कायद्याने तिच्या विवाहाचेही किमान वय आहे. पुष्कळ घरांत मुलीला अठरावे लागण्याची वाटच पाहिली जाते. माहेरच्या यादीत नाव घालावयाचे तर ‘आता कशाला, ती तर जाणारच’ असे म्हटले जाते. सासरी गेल्यावर जन्मतारखेचा दाखला माहेरी राहिलेला असतो, आणि नव्या घरात पहिल्या वर्षी यादीचा विषय काढावयाचा कोणी? अशा रीतीने दोन गावांच्या मध्ये एक मतदार हरवतो. तो हरवल्याची नोंद मात्र कोठेच होत नाही.

देशाचे आकडे हेच सांगतात. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी मतदार यादीत अठरा-एकोणीस वर्षांचे सुमारे १ कोटी ८२ लाख मतदार होते. या वयोगटाची अंदाजित लोकसंख्या पाहता ही संख्या निम्म्याहूनही कमी भरते. म्हणजे १९८९ मध्ये जो अधिकार दिला गेला, तो ऐन पहिल्या निवडणुकीच्या वेळी अर्ध्याहून अधिक तरुणांच्या हाती पडत नाही. मताधिकाराचे वय सोळा करावे की नाही याचा निर्णय करताना ही वस्तुस्थिती दृष्टीआड करता येणार नाही.

आक्षेपांचा विचार

सोळाव्या वर्षाच्या मताधिकारावर तीन आक्षेप प्रामुख्याने घेतले जातात. ते गंभीर आहेत आणि त्यांचा गंभीरपणेच विचार झाला पाहिजे.

पहिला आक्षेप परिपक्वतेचा. मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी येथे एक उपयुक्त भेद केला आहे. भावनेच्या भरात, मित्रांच्या संगतीत, क्षणात घ्यावयाच्या निर्णयांत तरुणांना परिपक्वता उशिरा येते. परंतु माहिती समोर ठेवून, सवडीने विचार करून घ्यावयाच्या निर्णयांत सोळा वर्षांच्या सुमारास मनुष्याची क्षमता प्रौढांच्या जवळपास पोचते. मतदान कोणत्या प्रकारात मोडते? कायद्याने मतदान संपण्यापूर्वीच्या अठ्ठेचाळीस तासांत जाहीर प्रचार बंद ठेवला आहे, तो मतदाराला शांतपणे विचार करता यावा म्हणूनच. तेव्हा मतदान हा सवडीने घ्यावयाचा निर्णय आहे, निदान तसा तो असावा अशी कायद्याची अपेक्षा आहे. आपला कायदा अन्यत्रही सोळा वर्षांच्या मुलाला अगदीच अजाण समजत नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असलेल्या सोळा ते अठरा वयाच्या मुलाच्या मानसिक क्षमतेची प्राथमिक तपासणी करून त्याच्यावर प्रौढाप्रमाणे खटला चालविण्याची वाट मोकळी ठेवली आहे. चौदा वर्षांवरील मुलाला धोक्याचे नसलेले काम करण्यास कायद्याची मनाई नाही. जबाबदारी टाकताना जे वय पुरेसे वाटते, ते अधिकार देताना अपुरे का वाटावे, हा प्रश्न विचारला जाणारच.

दुसरा आक्षेप दडपणाचा. मुलगा वडील सांगतील तेथे मत देईल, मुलगी घर सांगेल तेथे देईल, असे म्हटले जाते. हा आक्षेप निराधार नाही. परंतु तो नवाही नाही. स्त्रियांच्या मताविषयी आणि मजुरांच्या मताविषयी हेच बोलले गेले होते. त्यावर उपाय म्हणून कोणी त्यांचे मत काढून घेतले नाही. मतदानाची गुप्तता कडक करण्यात आली.

तिसरा आक्षेप शिक्षकांचा आहे आणि तो सर्वांत वजनदार आहे. मताधिकार सोळावर आला तर निवडणुकीचा प्रचार कनिष्ठ महाविद्यालयाच्या फाटकातून आत येईल, वर्गात गट पडतील, पैसा आणि दारू यांचा मोह कोवळ्या वयात समोर येईल. गावातील निवडणूक किती चुरशीची होते आणि दोन भावांत कसे वितुष्ट येते, हे या सभागृहात कोणालाही सांगावयास नको. ऑस्ट्रियाने वय उतरविताना शाळांतून राजकीय शिक्षणाची जोड दिली होती. आपल्याकडे नागरिकशास्त्र परीक्षेत मोजक्याच गुणांचे मानले जाते आणि पुष्कळदा तसेच शिकविले जाते. ही जोड नसता केवळ वय उतरविणे म्हणजे पाळ न बांधता तलावात पाणी सोडण्यासारखे होईल.

गावाच्या हाती काय आहे

लोकसभा व विधानसभा यांसाठी मताधिकाराचे वय बदलावयाचे तर पुन्हा घटनादुरुस्ती हवी. ती गोंदियाच्या कोणत्याही ग्रामपंचायतीच्या हाती नाही. राज्यघटनेच्या कलम २४३ मध्ये ग्रामसभेची व्याख्या करताना मात्र वयाचा आकडा दिलेला नाही. गावाच्या मतदार यादीत नोंदलेल्या व्यक्तींची ती सभा, एवढेच तेथे म्हटले आहे. महाराष्ट्रात ही यादी विधानसभेच्या यादीवरून तयार होते, म्हणून अठरा वर्षांची मर्यादा आपोआप लागू होते. पुढेमागे या प्रश्नाचा विचार झालाच, तर १९८९ पूर्वी घडले त्याप्रमाणे तो गावापासून सुरू होणे अधिक स्वाभाविक ठरेल.

तोपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. दोन गोष्टी आजच्या कायद्यात व योजनांत उपलब्ध आहेत, आणि दोन्हींचा वापर अपुरा होतो.

पहिली गोष्ट आगाऊ नोंदणीची. पूर्वी मतदार होण्यासाठी १ जानेवारी ही एकच अर्हता तारीख होती. ज्याचा जन्म २ जानेवारीचा, त्याला अठरा वर्षे पूर्ण झाल्यावरही जवळपास एक वर्ष थांबावे लागे. २०२१ च्या कायद्याने हे बदलले. ऑगस्ट २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै व १ ऑक्टोबर अशा चार तारखा झाल्या, आणि सतरा वर्षे पूर्ण झालेल्या तरुणाला नमुना ६ चा अर्ज आगाऊ भरण्याची सोय मिळाली. अठरा पूर्ण होताच त्याचे नाव यादीत येऊ शकते.

या तरतुदीचा खरा अर्थ गोंदियासारख्या जिल्ह्यात समजतो. सतराव्या वर्षी मुलगा अजून गावात आहे आणि मुलगी अजून बाकावर आहे. जन्मतारीख कनिष्ठ महाविद्यालयाच्या नोंदवहीत आहे. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी अनेक ठिकाणी गावचे शिक्षक किंवा अंगणवाडी सेविकाच असतात. म्हणजे अर्ज, दाखला, अर्जदार आणि अधिकारी ही चारही एका आवारात सापडतात. वर्षभरानंतर ती चार दिशांना गेलेली असतात. बारावीच्या वर्गात एक दुपार या कामासाठी राखून ठेवली, तर जे नाव पुढे दोन गावांच्या मध्ये हरवणार होते ते वाचते. त्याच दुपारी मुलींना आणखी एक गोष्ट सांगावी. विवाहानंतर किंवा स्थलांतरानंतर नमुना ८ भरून नाव नव्या पत्त्यावर नेता येते. पहिली नोंद असली की पुढची वाट सोपी होते. २५ जानेवारीला, निवडणूक आयोगाच्या स्थापनादिनी, २०११ पासून राष्ट्रीय मतदार दिन साजरा होतो. शपथ घेऊन मुले घरी जाण्यापूर्वी त्यांचे अर्ज भरून झालेले असतील, तर तो दिवस सार्थकी लागला असे म्हणता येईल.

दुसरी गोष्ट ऐकून घेण्याची. बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारास भारताने डिसेंबर १९९२ मध्ये मान्यता दिली. मुलांशी संबंधित बाबींत त्यांचे म्हणणे त्यांच्या वयाला साजेल इतके विचारात घ्यावे, असे त्यातील बारावे कलम सांगते. ग्रामपंचायत विकास आराखडा तयार करताना ग्रामसभेपूर्वी महिला सभेप्रमाणेच बालसभाही घ्यावी, अशी अपेक्षा आहे. ग्रामविकासाच्या नऊ संकल्पनांत बालस्नेही गाव ही एक संकल्पना आहे. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी बालसभा म्हणजे शाळेच्या ओसरीवर घेतलेले एक छायाचित्र असते.

ती खरी करावयाची तर फार काही लागत नाही. समजा, सालेकसा किंवा देवरी तालुक्यातील एका गावची अकरावीतील मुलगी बालसभेत उभी राहून सांगते की सकाळची एस.टी. चुकली तर दिवसभराचे तास बुडतात, आणि संध्याकाळची गाडी फाट्यावर सोडते तेव्हा अंधार पडलेला असतो. ही सूचना कार्यवृत्तात तिच्याच शब्दांत लिहिली जावी. ग्रामसभेने तिच्यावर ठराव करावा. आगाराकडे पत्र जावे. पुढच्या बालसभेत पहिला विषय ‘मागील सूचनेचे काय झाले’ हा असावा. गाडीची वेळ बदलली नाही तर का बदलली नाही, तेही तिला सांगितले जावे. मामा तलावाच्या दुरुस्तीचा, वाचनालयाचा, शाळेच्या स्वच्छतागृहाचा विषयही याच रीतीने चालेल. ज्या मुलीला एकदा कळले की आपण बोललो ते लिहिले गेले आणि त्याचे उत्तर आले, तिला मताचे मोल वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

आणि येथे मोठ्यांनी थोडे आपल्याकडेही पाहावे. ग्रामसभेच्या गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी उपस्थिती लागते. एवढी माणसे न जमल्यामुळे सभा तहकूब झाल्याचा अनुभव येथे बसलेल्या अनेक सदस्यांना असेल. ज्यांना मत आहे ते येत नाहीत, आणि ज्यांना नाही ती मुले दाराशी उभी असतात. सोळा वर्षांची मुले मताधिकारास पात्र आहेत काय, हे विचारण्यापूर्वी मिळालेला अधिकार आपण कसा वापरतो, हा प्रश्न ती मुले आपल्याला विचारू शकतील.

समारोप

मताधिकाराचे वय सोळा करावे, हा विचार त्याज्य नाही. त्याच्या बाजूची कारणे सबळ आहेत, आणि त्यांतील सर्वांत सबळ कारण हे की पहिले मत मनुष्याने आपल्या गावात, आपल्या माणसांत असताना द्यावे. तथापि अठराव्या वर्षाचाच अधिकार जेथे निम्म्या तरुणांपर्यंत पोचत नाही, तेथे नवा अधिकार जाहीर करून जुन्या उणिवेवर पांघरूण घालणे योग्य होणार नाही. आधी सतराव्या वर्षी प्रत्येक नाव नोंदले जावे, सोळाव्या वर्षी प्रत्येक आवाज ऐकला जावा, आणि त्या अनुभवाच्या बळावर गावांनीच उद्या म्हणावे की आमची मुले तयार आहेत. १९८८ मध्ये संसदेपुढे जो पुरावा होता तो काही राज्यांतील गावांनी आणि नगरांनी आपल्या आचरणातून तयार केला होता.

मताधिकाराचे वय कायदा ठरवील. मतदार घडविण्याचे काम मात्र शाळेला आणि ग्रामपंचायतीलाच करावे लागेल. येत्या मंडईत वर्गणीची वही सांभाळणाऱ्या पोरांची नावे आपणा सर्वांना ठाऊक असतात. त्यांतील कोणी सतरा वर्षे पूर्ण केली आहेत, एवढे त्या वहीवरूनच पाहावे, आणि नमुना ६ चा एकेक अर्ज त्यांच्या हाती द्यावा. प्रारंभ करण्यास एवढे पुरेसे आहे.